स्लेयरच्या 'रेन इन ब्लड'मध्ये आवडण्यासारखं नक्की काय आहे?

प्रश्न असा आहे: "माझा बारावीतला भाचा दिवसभर स्लेयरचा 'रेन इन ब्लड' ऐकत असतो. मी जुनी हिंदी गाणी आणि थोडंफार शास्त्रीय ऐकत वाढले. मला यात नुसता आरडाओरडा ऐकू येतो. लोकांना यात काय आवडतं? आणि गाण्यांचे विषय बघता काळजी करावी का?"

काळजीचं नंतर बघू. आधी आवडीचं.

स्लेयर हा अमेरिकेतला हेवी मेटल बँड. माझ्या मते त्यांच्या या अल्बमची ताकद त्यात जे नाही, त्यात आहे. १९८६ च्या मार्चमध्ये मेटालिका या दुसऱ्या बँडचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आला. तोही थ्रॅशच (म्हणजे मेटलचा सुसाट वेगाचा प्रकार), आणि थोर अल्बम. पण त्याची सुरुवात ॲकूस्टिक गिटारने होते, पुढे आठ मिनिटांहून लांब असा शब्दांविना एक तुकडा आहे, आणि सगळं मिळून जवळजवळ पंचावन्न मिनिटं होतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्लेयरचा हा अल्बम आला. दहा गाणी, आणि तीसुद्धा एकोणतीस मिनिटांच्या आत आटपलेली. पहिलं आणि शेवटचं सोडलं तर एकही गाणं साडेतीन मिनिटांपर्यंत पोचत नाही. हळवं गाणं नाही, रेडिओवर लागेल असं गाणं नाही, श्वास घ्यायला जागा नाही. तुम्ही शास्त्रीय ऐकता म्हणून सांगतो, कुणी आलाप नाही, विलंबित नाही, बसल्या बसल्या द्रुतच सुरू करावं आणि शेवटपर्यंत लय सोडू नये, तसा हा प्रकार आहे. कॅसेटच्या जमान्यात अख्खा अल्बम एका बाजूवर मावायचा, म्हणून कंपनीने दोन्ही बाजूंवर तोच भरला होता.

ही काटछाट आपोआप झालेली नाही. आदल्या वर्षीच्या 'हेल अवेट्स'मध्ये स्लेयरची गाणी लांबलचक होती आणि आवाजाला मोठ्या हॉलसारखा घुमारा दिला होता. त्या घुमाऱ्यात गिटारचे निम्मे तपशील बुडायचे. मग निर्माता म्हणून रिक रुबिन आला. हा न्यू यॉर्कचा हिप-हॉपवाला. रन-डीएमसी, एलएल कूल जे, बीस्टी बॉइज ही त्याची मंडळी. हिप-हॉपमध्ये ठोका कोरडा लागतो, थेट छातीवर येतो. रुबिन आणि ध्वनिमुद्रक अँडी वॉलेस यांनी तोच कोरडेपणा इथे आणला आणि घुमारा जवळजवळ पुसून टाकला. परिणाम असा की मिनिटाला दोनशेच्या वर ठोके पडत असतानाही प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. अर्थात लपायची सोयही संपली. या वेगात एखादा हात जरी मागेपुढे झाला असता तरी लगेच कळलं असतं.

आणि तो होत नाही. इथे मला खरी मजा येते. केरी किंग आणि जेफ हॅनमन या दोन गिटारवाल्यांचा उजवा हात ऐका. तळव्याच्या कडेने तारा दाबून धरायच्या आणि पिकने छाटल्यासारखे स्वर काढायचे, याला पाम म्यूट म्हणतात. हळू लयीत कोणीही करेल. या लयीत, दोघांनी, एकाच वेळी, चिमटीत पकडल्यासारखं वाजवायचं म्हणजे मनगटाची वाट लागते. मी कॉलेजात असल्यापासून गिटार वाजवतो, बरीही वाजवतो, पण 'एंजल ऑफ डेथ' या पहिल्या गाण्याची सुरुवात मूळ वेगात शेवटपर्यंत नेणं मला आजही जमत नाही. लोक याला गोंगाट म्हणतात तेव्हा मला हसू येतं. गोंगाट करणं सोपं असतं हो.

ड्रमवर डेव्ह लोंबार्डो आहे, जन्म हवानाचा. त्याच्यासाठी एक प्रयोग करून बघा. भाच्याचे हेडफोन घ्या, पहिलं गाणं लावा, गिटार आणि आवाज दोन्हीकडे दुर्लक्ष करा, फक्त स्नेअर पकडा. स्नेअर म्हणजे तो कडाडणारा चपटा ड्रम. सुरुवातीला लय धावत असते. मग दीडेक मिनिटानंतर सगळं एकदम निम्म्या चालीवर येतं आणि एक जड, डुलणारा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, सुरू होतो. (हाच रिफ पुढे १९८८ मध्ये पब्लिक एनिमीने आपल्या रॅपच्या गाण्यात उचलला. रॅप आणि मेटल या रुबिनच्या दोन घरांमधली भिंत तशी पातळच होती.) मग पुन्हा वेग. शेवटाकडे बाकी सगळे थांबतात आणि लोंबार्डो दोन पायांनी दोन पेडलांवर काही सेकंद एकटा वाजवतो. तबल्याची लग्गी ऐकून ज्याचा जीव सुखावतो त्याला ते काही सेकंद आवडले नाहीत तर मला नवल वाटेल.

सुरांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. गुणगुणावं असं यात फारसं काही नाही. टॉम अराया गातो म्हणण्यापेक्षा शब्द थुंकतो. गिटारचे सोलो तर किंचाळ्याच आहेत, आणि त्यातले काही मला आजही कामचलाऊ वाटतात. मधली 'रीबॉर्न' आणि 'एपिडेमिक' ही गाणी मी अजून एकमेकांत घालतो. पण 'पोस्टमॉर्टेम' संपता संपता ढगांचा गडगडाट होतो, पाऊस सुरू होतो, ड्रमवर तीन-तीन ठोके पडतात आणि 'रेनिंग ब्लड'चा तो रिफ येतो. धोबीतलावच्या रंगभवनात एका बँडने ते तीन ठोके मारले तेव्हा पुढचा स्वर निघायच्या आत अख्खं आवार पेटलेलं मी पाहिलंय. गुणगुणता येत नसलं तरी लक्षात राहतं ते असं.

आता काळजी. विषय भयंकर आहेत, हे खरंच. सैतान, प्रेतं, खुनी, रोगराई. कव्हरवर लॅरी कॅरल या चित्रकाराने काढलेला नरक आहे. 'एंजल ऑफ डेथ' हे गाणं आउशवित्झच्या छळछावणीत कैद्यांवर अघोरी प्रयोग करणाऱ्या योझेफ मेंगेले या नाझी डॉक्टरवर आहे. या गाण्यामुळे आणि कव्हरमुळे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अल्बम वितरित करायला नकार दिला, आणि शेवटी तो गेफन या दुसऱ्या कंपनीमार्फत बाजारात आला. बँड नाझीधार्जिणा असल्याचा आरोप तेव्हापासून चिकटला. गाणं हॅनमनने लिहिलं होतं. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढलेले, तिथून आणलेली पदकं घरात होती, आणि त्याला या विषयाचं वाचनवेड होतं. त्याचं म्हणणं असं की मेंगेले वाईट होता हे मी मुद्दाम सांगायची गरजच काय, ते उघड आहे. मला हा बचाव अर्धाच पटतो. गाण्यात अत्याचारांची थंडपणे यादी आहे, त्यावर मत नाही, आणि सतराव्या वर्षी सगळ्यांनाच ते 'उघड' असतं असं नाही. म्हणून गाणं बंद करायला सांगू नका, पण मेंगेले कोण होता हे भाच्याला विचारा. बहुतेक वेळा या पोरांना इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्त माहिती असते. नसेल तर बोलायला विषय मिळाला.

सैतानाचं फार मनावर घेऊ नका. ती धर्माला डिवचणारी गाणी गाणारा अराया स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहे, आणि बँडवर पोट चालायच्या आधी तो रुग्णालयात श्वसनोपचाराचं काम करायचा. या संगीतात भुताखेतांचं जे नाटक असतं ते ऐकणाऱ्याला कळत असतं. दिवसभर क्लास आणि घरी प्रवेश परीक्षेची चर्चा, अशा दिवसांत कुणाचंही मन न राखणारी एकोणतीस मिनिटं मिळाली तर मुलगा ती पुन्हा पुन्हा लावणारच. मीही तेच केलं होतं. आवाज किती मोठा ठेवतो तेवढं बघा. कानांचं नुकसान मात्र खरं असतं.

तुम्हाला स्वतःला वाट काढायची असेल तर 'रेन इन ब्लड'पासून सुरू करू नका. स्लेयरचा पुढचा अल्बम, १९८८ चा 'साउथ ऑफ हेवन', घ्या. याहून वेगात जाण्यात अर्थ नाही हे बँडला कळलं होतं, म्हणून त्यांनी मुद्दाम लय उतरवली. माणसं, वाद्यं, निर्माता, सगळं तेच, फक्त रिफ उलगडायला वेळ मिळतो. पहिलंच गाणं सावकाश चढत जातं. ते दोन-चारदा ऐकून झालं की मग 'एंजल ऑफ डेथ'कडे परत या आणि आधी फक्त स्नेअर ऐका.