लेकीचे २४ हजार, सगळे गणपतीच्या मूर्तींत घालू का?

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलंय, त्यातलं थोडक्यात सांगतो. मुलगी १६ वर्षांची. गेल्या वर्षी दहावी झाली, अकरावीची ऑनलाइन ॲडमिशन लांबत गेली म्हणून ती पेणला मामाच्या गणपतीच्या कारखान्यात राहिली. सुरुवातीला खडे चिकटवायची, मग हात बसला तशी डोळ्यांची आखणी करायला लागली. मामांनी मूर्तीमागे हिशोबाने पैसे दिले, सीझनभराचे २४ हजार झाले. आता तिचं म्हणणं असं की पुढच्या सीझनला पेणजवळच्या हमरापूर-जोह्याकडून ४० कच्च्या मूर्ती उचलायच्या, घरी रंगवायच्या आणि डोंबिवलीत स्टॉल टाकून विकायच्या. मिस्टर म्हणतात सगळे एफडीत टाक नाहीतर क्लासच्या फीला लाव, आणि चुलतभाऊ म्हणतो मला दे, शेअर बाजारात ऑप्शनमध्ये महिन्यात डबल करतो.

ताई, आधी चुलतभावाला बाजूला बसवू. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०२४ ला आकडे काढले होते, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात, सरासरी तोटा माणशी दोनेक लाख. तो उरलेल्या ७ टक्क्यांत असेल तर त्याला तुमच्या लेकीचे २४ हजार कशाला लागतात? विषय संपला.

आता मूर्तींचं. तिने तुम्हाला जो हिशोब दाखवला तो मी परत मांडतो कारण हिशोब चुकीचा नाहीये, अर्धा आहे. कच्ची मूर्ती सरासरी ४५० ला, ४० मूर्तींचे १८ हजार, टेम्पो २,५००, रंग-खडे-धोतराचं कापड ३,५००. झाले बरोबर २४ हजार, म्हणजे हातात एक रुपया शिल्लक न ठेवता. १,३०० ला एक विकली की ५२ हजार येतील आणि २८ हजार सुटतील. कागदावर पैसे डबलच्या वर!

पण या कागदात स्टॉलची जागा कुठेय? दहा दिवसांचे ६ हजार धरा, जागा चांगली असेल तर जास्तच जातील. दुसरं, आपल्याकडे मूर्तीचं एक बोट जरी उडालं तरी गिऱ्हाईक ती घेत नाही, आणि बरोबर आहे, खंडित मूर्ती कोण बसवेल घरात. तर ४० मध्ये २ फुटल्या समजा. आणि १० राहिल्या समजा, पहिल्या वर्षी राहतातच. भाव करताना १,३०० चे १,१०० होतात, शेवटच्या दोन दिवसांत तर आणखी खाली. २८ मूर्ती गुणिले १,१०० म्हणजे ३०,८०० आले, खर्च ३० हजार. सुटले ८००. म्हणजे अठ्ठाविसावी मूर्ती विकली जाईपर्यंत पोर तोट्यातच उभी, आणि हे घरात रंगकामाचा पसारा, दहा दिवस स्टॉलवर उभं राहणं, सगळं करून. तेवढ्याच महिन्यांत मामाकडे नुसती आखणी करून, खिशातला एक रुपया न घालता, तिने २४ हजार आणले होते. तिला हेच दाखवा. धंद्यात स्वतःची मजुरी न धरता नफा काढणं ही आपल्याकडे मोठ्यामोठ्यांची सवय आहे, पोरीची काय चूक.

आणि गणपतीचा धंदा म्हणजे एका तारखेचा धंदा. वडापाव आज नाही खपला तर उद्या परत तळता येतो, चतुर्थीच्या दुपारी उरलेली मूर्ती पुढच्या वर्षापर्यंत घरात. ४० मधल्या १० मूर्ती वर्षभर कुठे ठेवणार आहात डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये?

हे मी अनुभवाने बोलतोय. कॉलेजला असताना आम्ही दोघा मित्रांनी ५० आकाशकंदील घेतले होते विकायला, सगळे पैसे त्यातच, आणि ऐन वसुबारसेला पाऊस आला, असा आला की रस्त्यावर कुत्रं नाही. १९ राहिले. आईने पुढची कित्येक वर्षं ते नातेवाइकांना दिवाळीत वाटले, माळ्यावर अजून दोन पडलेत.

तरीही मी मिस्टरांच्या बाजूने नाहीये. १० हजारांच्या एफडीवर साडेसहा टक्के धरला तरी वर्षाचे ६५० रुपये, आणि त्यातून पोरगी शिकणार काय? तर पावती कपाटात ठेवायची. क्लासची फी ही तुमची दोघांची जबाबदारी, तिची पहिली कमाई तिथे घातली तर ती पुढच्या वेळी कमावलेलं सांगणारच नाही तुम्हाला. तिच्या हातात कसब आहे, गिऱ्हाईक काय मागतं हे तिने डोळ्याने पाहिलंय, ही मोठी गोष्ट आहे. फक्त आकडा छोटा करा.

म्हणजे कसं, तर १२ मूर्ती. ४० नाही, २० पण नाही. आणि स्टॉल नाही, फक्त बुकिंग. सोसायटी, तुमचं ऑफिस, मिस्टरांचा ट्रेनचा ग्रुप, एवढ्यातून १२ घरं मिळतात. तिने गेल्या वर्षी केलेल्या कामाचे फोटो असतीलच, डोळ्यांचे जवळून काढलेले फोटो पाठवायचे, लोक मूर्ती घेताना चेहराच बघतात. ३०० ॲडव्हान्स घ्यायचा, कारखान्यात करतात तसं बुकिंगवालीचं नाव चिठ्ठीवर लिहून पाटाला चिकटवायचं, आणि वहीत एका ओळीत नाव, उंची, ठरलेला भाव, आलेले, बाकी. खर्च बघा, १२ कच्च्या ५,४०० च्या, मामांचा माल घेऊन टेम्पो डोंबिवलीकडे येतोच असं तुम्ही लिहिलंय तर त्यातच टाकून हजारभर द्या, रंग वगैरे १,१००. एकूण ७,५००. भाव १,२०० ठेवला तर १४,४०० येतात, ६,९०० सुटले. समजा तिघांनी ऐनवेळी नाही म्हटलं, त्यांचा ॲडव्हान्स तुमच्याकडेच राहिला (हे आधीच सांगून ठेवायचं, नंतर नाही), तरी ४,२०० हातात. सातवी मूर्ती गेली की खर्च वसूल, त्यामुळे झोप पण लागते.

उधारी नको. सख्ख्या मावशीलाही नको. सोळाव्या वर्षी ‘बाकीचे नंतर देते गं’ याला नाही म्हणता येणं हे माझ्या मते अख्ख्या उद्योगातलं सगळ्यात कामाचं शिक्षण आहे.

आता तारीख बघा, कारण हे तुमच्या पत्रात कुठेच नव्हतं. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आलाय त्यामुळे १४ सप्टेंबर. तेव्हा ती बारावीत असणार. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे जाऊन आखणी करू दे, तिथे मजुरी पक्की आहे, १२ मूर्तींचं रंगकाम जुलैच्या रविवारी रविवारी उरकायचं आणि ऑगस्टनंतर फक्त पोहोचवणं ठेवायचं. ४० मूर्ती घेतल्या असत्या तर ऑगस्टभर कॉलेज बुडालं असतं ते वेगळंच.

माल शाडूचा की पीओपीचा हे बुकिंग घेताना विचारून घ्या. हायकोर्टाने जून २०२५ मध्ये पीओपीच्या मूर्ती बनवायला-विकायला मोकळीक दिली, पण विसर्जन कुठे करायचं यावर बंधनं आलीच, घरगुती मूर्तींना कृत्रिम तलाव. दरवर्षी नियम थोडे हलतात, म्हणूनही आधी माल भरून ठेवणं नको. शाडू महाग आणि नाजूक, प्रवासात जपावी लागते, तिचा भाव वेगळा लावा.

कारखान्यातलं एक. १४ ते १८ वयाच्या मुलांना काम करता येतं, पण धोकादायक कामं कायद्याने बंद आहेत. आखणी, खडे, फेटे बांधणं ठीक. कॉम्प्रेसर लावून गनने रंग मारतात, थिनरचा वास डोक्यात जातो, तिथे तिला उभी करू नका, मामा सख्खा असला तरी सांगा.

पैसे सध्या तुमच्या खात्यात आहेत असं लिहिलंत, ते आधी तिच्या खात्यात जाऊ देत. १० वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवायची मुभा बँका देऊ शकतात असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये परत स्पष्ट केलंय, किती रकमेपर्यंत ते बँक ठरवते, पोस्टात पण उघडता येतं. चेक किंवा स्लिप तिने स्वतः भरायची, रांगेत तिने उभं राहायचं. मामांना म्हणावं मजुरी यापुढे रोख नको, खात्यात टाका. आणि तिला एक गोष्ट दहा वेळा बजावा, कोणी म्हटलं तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो, तर तो फ्रॉडचा पैसा फिरवणारा असतो, पोलीस खातं ज्याचं आहे त्याच्याच दारात येतात.

टॅक्सचं टेन्शन घेऊ नका. अज्ञान म्हणजे १८ च्या आतल्या मुलाचं उत्पन्न एरवी आई-बाबांपैकी ज्याचं जास्त त्याच्यात धरतात, पण स्वतःच्या मेहनतीने किंवा कसबाने मिळवलेलं तिचं तिचंच धरतात, आणि २४ हजारांवर कसला टॅक्स. त्या पैशांचं व्याज मात्र तुमच्या दोघांपैकी एकाच्या उत्पन्नात येईल, रक्कम किरकोळ आहे, पण रिटर्न भरताना सीएला सांगा. ॲडव्हान्सच्या पावतीवर सही तुमची असू दे, १८ च्या आतल्या व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही, उद्या वाद झाला तर कोणीतरी मोठं माणूस कागदावर हवं.

२४ हजारांतून १२ मूर्तींचे ७,५०० गेले, उरले १६,५००. त्यातले १० हजार वर्षाच्या एफडीत तिच्या नावाने, मिस्टरांचा मान राहिला. ४,५०० बचत खात्यात पडून राहू देत, कच्च्या मालाचा भाव वाढला किंवा मूर्ती फुटली तर तिथून काढायचे, तुमच्याकडे मागायचे नाहीत. २,००० तिला उडवू द्या. कुठे गेले विचारू नका, खरंच विचारू नका.

कच्च्या मूर्तींचं मामांशी लवकर बोलून घ्या, चांगले साचे लवकर जातात. आणि हे बोलणं फोनवर तिलाच करू दे, तुम्ही शेजारी बसा हवं तर. मामाने ‘अगं तुला काय पैसे लावायचे, घेऊन जा’ म्हटलं, आणि तो म्हणणारच, तर तिने ४५० च द्यायचे आणि वहीत लिहायचे.