बायबलचं पुरातत्त्व शिकायचंय, पण पोटापाण्याचं काय?

वसईहून पत्र लिहिणाऱ्या बाबांना नमस्कार.

तुमची लेक यंदा बारावी कला शाखा पास झाली आणि ‘बायबल खरं आहे हे उत्खननातून दाखवायचंय’ म्हणते. नोकरीचं काय, आणि जमिनीतून उलटंच काही निघालं तर तिच्या श्रद्धेचं काय, असं तुम्ही विचारलंय.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बोलू. तिला बायबलमधल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाचा अध्याय 18 काढायला सांगा. जेरुसलेममधून यहूदावर राज्य करणारा हिज्कीया राजा स्वारी करून आलेल्या अश्शूरच्या सन्हेरीब राजाला तीस किक्कार (तेव्हाचं वजनाचं माप) सोनं आणि तीनशे किक्कार चांदी देतो. इ.स.पू. 701 च्या याच स्वारीचं सन्हेरीबाचं स्वतःचं निवेदन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, सहा बाजूंच्या मातीच्या स्तंभावर कीलाक्षरांत कोरलेलं. त्यात सोनं तीसच, चांदी मात्र आठशे! हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, असं तो मिरवतो. जेरुसलेम जिंकलं असं मात्र कुठेच म्हणत नाही. हिज्कीयाच्या राज्यातलं लाखीश शहर त्याने घेतलं. त्या वेढ्याची शिल्पं त्याच्या निनवेतल्या महालात सापडली, आणि वेढ्यासाठी रचलेला दगडमातीचा उतार लाखीशला आजही दिसतो. चांदीच्या आकड्यांत फरक का, हा प्रश्न घेऊन ती या विषयात गेली तर टिकेल. फक्त शिक्कामोर्तब करायला गेली, तर यरीहोच्या तटबंदीपाशीच अडेल. ही तटबंदी यहोशवाच्या स्वारीत कोसळली, असं बायबल सांगतं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी 1950 च्या दशकात तिथे खणलं, तेव्हा यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळातल्या भिंती त्यांना मिळाल्या नाहीत. माझ्या मते श्रद्धेला अशा प्रश्नांची भीती नसावी.

आता नोकरी. भारतात नेमक्या या विषयाच्या जागा जवळजवळ नाहीत, हे स्पष्टच सांगते. म्हणून पाया पुरातत्त्वाचाच घालू दे. इतिहास घेऊन बी.ए., मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए. खापरं ओळखणं, थर वाचणं, नकाशे काढणं ही विद्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननाला लागते तशीच लाखीशलाही लागते. पुढे वाट बदलावीशी वाटली तरी प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा, संग्रहालयं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे पर्याय हातात राहतात.

परदेशात पीएच.डी.ला जायचं तर खरी अडचण भाषांची येते. हिब्रू, अरामी, शिवाय अक्कडियन (सन्हेरीबाच्या लेखांची भाषा) किंवा ग्रीक. बरेच विद्यार्थी तिथे पोचल्यावर श्रीगणेशा करतात आणि मागे पडतात. तिने हिब्रू याच सुट्टीत सुरू करावं. उत्खननावर स्वयंसेवक म्हणून जायचा खर्च बहुधा स्वतःलाच करावा लागतो आणि तिकडची परिस्थितीही बघावी लागते, त्यामुळे ती घाई आता नको. स्थिर पगाराला वेळ लागेल, तेवढी तयारी घरच्यांनी ठेवावी.