नाल्यातले खेकडे आणि युरियाची गोणी

प्रश्न : सर, यावल तालुक्यात माझी केळीची बाग आहे. बांधालगतच्या नाल्यात पूर्वी दगड उचलला की खेकडा निघायचा, वाळूत शिंपले सापडायचे. आता दगडांवर बोटभर शेवाळ, गाळात लाल अळ्या आणि कडेला गोगलगायीच गोगलगायी. फवारणी मी नाल्यापासून लांबच करतो. शेजारी म्हणतो, हे खताचं पाणी. पण खत तर पिकाचं अन्न, त्यानं खेकडे-किडे कसे मरतील? शेवाळ मारायला मोरचूद टाकू का?
— एक केळी उत्पादक

उत्तर : भाऊ, मोरचूद आधी घरात परत ठेवा. का, ते पुढे येईलच.

शेजारी बराचसा बरोबर आहे. युरियात 46 टक्के नत्र (नायट्रोजन). केळीला ते लागतंच, पण मोकाट पाणी दिलं किंवा खत टाकल्यावर जोराचा पाऊस झाला, की ते विरघळून नाल्याला लागतं. खतातलं स्फुरद (फॉस्फरस) मातीला धरून राहतं; काळी माती वाहिली की तिच्यासोबत निघतं. वर गावची गटार, उकिरडा. शेवाळाला आणखी काय हवं?

शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारी नाला ठीक वाटतो. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं आणि तळाचं मेलेलं शेवाळ कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. पहाटे टंचाई सगळ्यात जास्त. त्यात आपला उन्हाळा! 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच. मे महिन्यात उजाडायच्या आत नाल्यावर जाऊन बघा, मासे वर येऊन तोंडं उघडतायत का.

मग टिकतं कोण? ज्याची श्वासाची सोय वेगळी, तो. त्या लाल अळ्या लाल आहेत हिमोग्लोबिनमुळे. थोडक्या ऑक्सिजनवर त्यांचं भागतं. पाण्यातल्या कित्येक गोगलगायी वर येऊन फुप्फुसानं हवा घेतात. डासाची अळी शेपटीकडच्या नळीनं घेते. अनेर नदीच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, मी पोरांना घेऊन जायचो. तिथं दगड उलटा केला की तीन शेपट्यांचे चपटे किडे सैरावैरा पळायचे. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या अळ्याही असायच्या. कल्ल्यांवर जगणारी ही मंडळी सगळ्यात आधी जातात. दगडावर शेवाळाची गादी चढली की त्यांना बसायला जागाही उरत नाही. तुमच्या नाल्यातले जीव मोजले तर कदाचित पूर्वीपेक्षा जास्तच भरतील. पोरांना मी जाती मोजायला लावायचो, डोकी नव्हे.

शिंपल्यांचं दुखणं आणखी वेगळं. शेवाळ माजलं की दुपारी पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि पाण्यातल्या अमोनियमचा जास्त भाग विषारी अमोनिया होतो. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांना, त्यातही पिल्लांना, तो सोसत नाही. शिवाय बहुतेक जातींची पिल्लं सुरुवातीला माशाच्या अंगाला चिकटून वाढतात. मासे गेले की पुढची पिढी गेली. म्हातारे शिंपले वर्षानुवर्षं तग धरतात, त्यामुळे कळतंही उशिरा.

फवारणीला मात्र पूर्ण निर्दोष धरू नका. वरच्या अंगाचे शेतकरीही फवारतात. पण कीटकनाशक पाण्यात आलं तर किडे बहुधा एकाएकी मरून पडतात. तुमचं वर्णन हळूहळू झालेल्या बदलाचं आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. म्हशी त्याच नाल्यावर जातात ना? काही जातींच्या गोगलगायींमध्ये यकृतातल्या पर्णकृमीची पिल्लं वाढतात, मग काठच्या गवताला चिकटून जनावराच्या पोटात जातात. गोगलगायी वाढल्या की हा धोकाही वाढतो. म्हैस खंगलेली दिसली तर गुरांच्या डॉक्टरांकडून शेण तपासून घ्या.

आता मोरचूद. शेवाळ मरेल, पण सगळं एकदम कुजून उरलेला ऑक्सिजनही खाईल. मोरचुदातलं तांबं गाळात साठतं आणि खेकडे-शिंपल्यांनाही मारतं. त्यापेक्षा खत ठिबकमधून थोडं थोडं द्या, ढग बघून द्या. बांधाला पाच-सहा हात गवत राहू द्या. आणि घड कापल्यावर खोडं नाल्यात लोटू नका! आपल्याकडे हे सर्रास चालतं. युरियाच्या नावानं बोटं मोडणारेही तेच करतात. खोड कुजतानाही तोच ऑक्सिजन जातो. तुकडे करून बागेतच पसरा.

एवढं केलंत तरी गाळात बसलेलं स्फुरद काही वर्षं सुटत राहील, तेव्हा पुढच्याच उन्हाळ्यात वाळूत शिंपले शोधू नका.