वजनाचा काटा अडलाय? ताट अजून रिकामं करू नका

प्रश्न : माझं वय 41, उंची 158 सेंमी. मागच्या वर्षी 82 किलो होते, चालणं आणि जेवणावर कंट्रोल ठेवून 74 वर आले, पण आता दोन महिने झाले काटा जागचा हलत नाहीये. सकाळी चहा-पोहे, दुपारी एक भाकरी, भाजी, वाटीभर वरण आणि रात्री फक्त सूप, गुरुवारचा उपास. रोज पाऊण तास चालते. घरचे म्हणतात लपून खात असशील. रात्रीचं सूप पण बंद करू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सूप बंद करू नका, उलट रात्री नीट जेवा. घरच्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, 8 किलो कमी करणं ही छोटी गोष्ट नाहीये.

काटा का थांबला ते आधी बघू. वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्चही उतरतो, किलोमागे साधारण 10 कॅलरी तर नुसतं पडून असतानाच कमी लागतात. म्हणजे 8 किलोचे 80, वर चालण्याफिरण्यातलं धरलं तर 100 च्या पुढे. शिवाय बरेच महिने कमी खाल्लं की शरीर काटकसर करायला लागतं, आपण नकळत कमी हलतो, दुपारी आडवं व्हावंसं वाटतं, दोन जिने चढायचे तिथे लिफ्ट घेतो. त्यामुळे ज्या जेवणावर 82 चं 74 झालं त्याच जेवणावर आता वजन फक्त टिकतं. तुमचं काही चुकलेलं नाही.

पण तुम्ही लिहिलंय तेवढंच जेवण असेल तर 74 वरही वजन थोडं उतरायला हवं होतं, म्हणून काहीतरी मोजण्यातून सुटतंय असं मला वाटतं. हा आरोप समजू नका. 1992 मध्ये अमेरिकेत, डाएट करूनही वजन उतरत नाही म्हणणाऱ्या लोकांचं खाणं शास्त्रीय पद्धतीने मोजलं होतं, तेव्हा त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षातल्या खाण्याच्या जेमतेम निम्मं निघालं. लपवाछपवी करायला हवी असंही नाही, फोडणीतलं तेल, भाजीची चव बघणं, मुलांच्या डब्यातलं उरलेलं, संध्याकाळच्या चहासोबतची दोन बिस्किटं हे कुणाच्या लक्षातच राहत नाही.

तेलाचा हिशोब तर एकदा कराच. महिन्याला घरात किती लिटर लागतं त्याला माणसांनी भागा. चौघांत 4 लिटर लागत असेल तर माणशी रोज 33 मिली, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. बरणीतून थेट कढईत ओतायचं बंद करा, चमच्याने मोजून घाला, एवढ्यानेच बऱ्याच जणींचा काटा परत हलतो. आणि गुरुवारचं काय ते बघा, साबुदाण्याची खिचडी मध्यम प्लेट घेतली तरी साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप, बटाटा मिळून साडेचारशे-पाचशे कॅलरी सहज होतात, वर वेफर्स आणि राजगिऱ्याचा लाडू आला तर उपासाचा दिवस आठवड्यातला सगळ्यात जड दिवस ठरतो. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, तो श्रद्धेचा भाग आहे, पण भगर, ताक, दही, एखादं फळ, दूध असं ठेवा आणि दाणे मूठभरच.

आता खरी कमतरता, प्रोटीन. तुमच्या दिवसभराच्या जेवणात ते 20-25 ग्रॅम भरेल, त्याच्या वर नाही. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण-संशोधन संस्थेचं रोजचं माप किलोमागे 0.83 ग्रॅम आहे, म्हणजे 55-60 किलोच्या तब्येतीलाही 45-50 ग्रॅम लागतं, आणि वजन उतरवताना थोडं जास्तच बरं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. तेव्हा पोह्यांऐवजी कधी मुगाचं धिरडं, किंवा पोह्यांसोबत दोन अंडी, दुपारी वरण पातळ न करता घट्ट, मटकीची उसळ, वाटीभर दही. रात्री सूपसोबत पनीर किंवा सोयाबीन वडीची भाजी आणि अर्धी भाकरी, मासे-चिकन चालत असेल तर फार सोपं होईल पण कालवण कमी तेलाचं. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चालणं चालू ठेवा, त्यातला शेवटचा पाव तास जरा जोरात. पण नुसत्या चालण्याची शरीराला सवय झालीय म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचे व्यायाम हवेतच. जिमच लागते असं नाही, खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, भिंतीला हात लावून दंड काढायचे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायच्या, 10-10 चे दोन सेट आणि दर आठवड्याला थोडं वाढवत न्यायचं. गुडघे दुखत असतील तर खोल बैठका नकोत. पहिल्या एक-दोन आठवड्यांत काटा किलोभर वर जाऊ शकतो, दमलेले स्नायू पाणी धरून ठेवतात म्हणून, तेव्हा घाबरून सोडू नका. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजून लिहून ठेवा. आणि पाळीच्या आधीच्या वजनाची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करा, कालच्याशी नको.

हे दीड-दोन महिने करूनही कंबर आणि काटा दोन्ही जागीच राहिले, किंवा थकवा, केस गळणं, पाळी बिघडणं असं काही असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या.

प्रश्न : वय 34, आयटीत आहे. दिवसातून दोनदाच जेवतो, ट्रेडमिल रोज एक तास. 5 किलो उतरले आणि आता दोन आठवडे वजन तिथेच, कधी दीड किलो वरपण जातं. डाएट बदलू का? — पुणे

उत्तर : दोन आठवड्यांवरून काही ठरवू नका, अजून दोन थांबा. तो दीड किलो बहुतेक पाण्याचा आहे. शरीर पिठूळ-गोड खाण्यातली साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी साठतं, त्यात खारट खाल्लं की अजून. रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढा. दोनदा जेवण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण शनिवार-रविवारी काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाच दिवस रोज 400 कॅलरी वाचवल्या तर झाल्या 2000, आणि सुट्टीच्या दोन दिवसांत बिर्याणी, बिअर, रात्रीचं आइस्क्रीम मिळून रोज हजार जास्त गेल्या की आठवड्याचा हिशोब शून्य. ट्रेडमिल अर्धा तास करा आणि उरलेला अर्धा तास वजनं उचला. झोप पाच तासांची असेल तर तीही वाढवा, जागरणात भूक वाढते आणि ती भाजी-भाकरीची नसते.

प्रश्न : आई 63 वर्षांची, डायबिटीसच्या गोळ्या चालू आहेत. 6 किलो कमी झाले, आता थांबलंय. कडक डाएट सुरू करावं का? — कोल्हापूर

उत्तर : नको. या वयात कमी झालेलं वजन टिकवणं हीच मोठी गोष्ट आहे, आणि जेवण एकदम तोडलं तर काही गोळ्यांमुळे रक्तातली साखर 70 च्या खाली जायची भीती असते. वजनापेक्षा त्यांच्या पायातली ताकद सांभाळा, खुर्चीवरून उठबस, हलकं चालणं, प्रत्येक जेवणात डाळ किंवा दही. घाम येणं, थरथर, गरगरणं असं काही जाणवतंय का विचारा, असेल तर लगेच साखर तपासा. आणि काही होत नसलं तरी डॉक्टरांना दाखवून घ्या, कारण 6 किलो उतरल्यावर गोळ्यांचा डोस कमी करावा लागू शकतो, तो मनाने कमी करू नका.