वाचकांचे प्रश्न : कार्यालय, कॅमेरा आणि वेळ

प्रश्न : मी खानापूरहून रोज बेळगावला एका खासगी कार्यालयात लिपिक म्हणून जाते. फिनलंडच्या एका चित्रफितीत एक तरुणी कार्यालयात नुसती बसून राहते, असे ऐकले. ही कला कशी? आमच्याकडे एकच मजकूर कन्नडमध्ये लिहून, मराठीत समजावून, पुन्हा इंग्रजीत नोंदवावा लागतो. त्यावर मोबाइलने मला असे काही करता येईल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ती कलाकृती फिनलंडच्या कलावंत पिल्वी ताकाला यांची ‘द ट्रेनी’ (२००८). डेलॉइट कंपनीच्या विपणन विभागात त्या महिनाभर प्रशिक्षणार्थी म्हणून राहिल्या आणि त्यांचा खरा हेतू मोजक्याच लोकांना ठाऊक होता. त्या रिकाम्या टेबलाशी विचार करत बसत, आणि एक अख्खा दिवस तर त्यांनी लिफ्टमध्ये वरखाली जाण्यात घालवला. त्यांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते, तरी सहकारी अस्वस्थ झाले. संगणक उघडून वेळ काढणारा माणूस आपल्या नजरेत कामात असतो. हात मोकळे ठेवून बसलेली बाई मात्र खपत नाही. आपली ही सवय ती चित्रफीत आपल्याच डोळ्यांसमोर आणते, म्हणून मी तिला निःसंशय कला मानतो.

काम आणि वेळ यांवरचीच आणखी एक कलाकृती पाहा. तैवानमध्ये जन्मलेले कलावंत तेहचिंग श्ये यांनी न्यूयॉर्कमध्ये एप्रिल १९८० पासून वर्षभर, रात्रंदिवस, दर तासाला हजेरीच्या यंत्रात कार्ड घातले आणि प्रत्येक वेळी चित्रपटाची एकेक चौकट टिपली. आरंभी डोके भादरलेले असल्यामुळे सुमारे सहा मिनिटांच्या त्या फितीत वर्ष सरते ते वाढत्या केसांवरून कळते. ८,७६० पैकी १३३ नोंदी हुकल्या, आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत.

आपला विषय मला फार मोलाचा वाटतो, कारण तो सीमाभागात रोज जगला जातो. मोबाइल स्टँडवर पक्का बसवा आणि एकाच नोंदीचा तिन्ही भाषांतला प्रवास सलग टिपा. संगीत, निवेदन काही नको. भाषांची थट्टा मात्र होऊ देऊ नका, कारण शेजारच्या टेबलावरची कन्नड भाषक सहकारीही तेच ओझे वाहते. शक्य असल्यास तिचा आवाज घ्या. व्यवस्थापनाची लेखी परवानगी लागेल आणि ग्राहकांची नावे दिसता कामा नयेत. परवानगी नाकारली, तर कोरा अर्ज घेऊन घरच्या टेबलावर तेच करा. फीत चाळीस मिनिटांची झाली, तरी कापू नका.