मलपेजवळचं सेंट मेरी बेट: ओहोटी बघून जा

बेळगावजवळच्या खानापूरहून दोन दिवसांत, गुडघेदुखी असलेल्या आईबाबांना घेऊन उडुपीजवळचं सेंट मेरी बेट होईल का, असं विचारलंय. होईल, पण रात्रीचा मुक्काम उडुपी नाहीतर मलपेला करा, बेटावर राहता येत नाही. हल्याळ, यल्लापूर, अंकोलामार्गे गाडीनं सात-आठ तास धरा. मलपेहून बेटावर जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात, साधारण सप्टेंबरपर्यंत, बंद असतात.

पुळणीसाठी जात असाल तर निराशा होईल. तिथं वाळूपेक्षा शिंपल्यांचा चुराच जास्त, अनवाणी पाय कापतात. बघायचे ते दगड. चार मुख्य बेटांपैकी बोट जाते त्या कोकोनट बेटावर पाच, सहा, सात कोनांचे खांब एकमेकांना खेटून उभे आहेत, काही दोन पुरुष उंचीचे. सुमारे साडेआठ-पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून तुटताना इथं लाव्हा बाहेर आला. तो थिजताना आकसला आणि आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडल्या. भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत आत उतरत गेल्या, म्हणून थराचे खांब झाले. आपल्याकडे विहीर खणताना लागतो तो काळा पाषाण दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे वयानं धाकटा. बेटावरचा दगड सिलिका (वाळूत असतो तो घटक) जास्त असलेला, म्हणून रंगानंही फिका.

बहुतेक लोक उतरतात तिथंच फोटो काढून परततात. तुम्ही किनाऱ्यानं पुढं चाला. ओहोटीला पाण्याकाठच्या बुटक्या खांबांचे माथे उघडे पडतात, फरशी बसवल्यासारखे, आणि त्यांच्यामधल्या फटींत पाणी साचून राहतं. हे भरतीला झाकलं जातं, म्हणून मलपेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा. सकाळची बोट धरा, दुपारी दगड तापतात आणि सावली फार थोडी.

आईबाबांची अडचण चालण्याची नाही, चढण्या-उतरण्याची. समुद्र खवळलेला असला की बोट हिंदकळते, कधी मोठ्या बोटीतून लहान होडीत उतरवतात. तिकीट घेतानाच ते विचारा, कन्नड बोललात तर नीट सांगतात. परतीची शेवटची बोट कधी, तेही तेव्हाच विचारून ठेवा. मागच्या पट्ट्याच्या सँडल घाला. हिरवं शेवाळ दिसेल त्या दगडावर पाय ठेवूच नका, सुका भासला तरी पाय निसटतो. खडकाळ कडेला पोहायला उतरू नका, लाट माणसाला थेट खांबांवर आदळते. पाणी आणि खाणं मलपेहूनच घ्या, कचरा परत आणा. हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, दगडाचा तुकडासुद्धा उचलू नका.