पुन्हा पहिल्या मजल्यापासून

प्रश्न : आमचे हे तांडेल आहेत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होडी शाकारलेली आणि हे पडवीत मोबाइल घेऊन. गुहेत उतरायचा कसला तरी खेळ आहे, 'शॅटर्ड पिक्सेल डंजन'. मेले की सगळं जातं, पुन्हा पहिल्यापासून. तरी वैतागत नाहीत, उलट वहीत काहीबाही लिहून ठेवतात. यात एवढं काय आहे?
— एक भगिनी, हर्णै

उत्तर : ताई, ती वही जपून ठेवा. या खेळात मेलं की तलवार, चिलखत, सोनं सगळं जातं. गुहाही दर वेळी नव्याने रचली जाते, त्यामुळे वाट पाठ करून उपयोग नसतो. पुढच्या डावात सोबत येतं ते फक्त शिकलेलं, आणि यजमान तेच लिहीत असणार. उदाहरणार्थ, अनोळखी बाटली पाण्याशेजारी उभं राहून प्यावी. आत आग निघाली तर पाण्यात शिरताच विझते. गवतात प्यायलात तर वणवाच.

या खेळांच्या घराण्याचा मूळपुरुष 1980 चा 'रोग' (Rogue) हा खेळ, कॅलिफोर्नियातल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी केलेला. चित्रं नाहीत, पडद्यावर नुसती अक्षरं: ए ते झेड अशी सव्वीस जातींची भुतंराक्षसं, आणि ईमेलच्या पत्त्यातलं ते '@' म्हणजे आपण.

मी गुहागरला कॉम्प्युटर क्लास चालवतो. माझा नाद 'नेटहॅक'चा, तो 1987 चा, असाच अक्षरांचा खेळ. पहिल्याच आठवड्यात एक निळा 'ई' दिसला. जवळजवळ हलत नव्हता, अंगावर येत नव्हता. मी तलवार मारली. तो तरंगता डोळा होता! माझा माणूस जागच्या जागी थिजला, आणि कोल्ह्यांनी येऊन त्याला फाडला. मी नुसता बघत राहिलो. त्याला वीस वर्षं झाली. निळ्या 'ई'ला मी परत हात लावलेला नाही.

पण खरं मर्म मला वेगळंच वाटतं. आपण पाऊल टाकल्याशिवाय गुहेत काहीच हलत नाही. राक्षस समोर आहे, जीव कंठाशी आलाय, तरी चहा घेऊन यावं, पिशवीतली एकेक वस्तू निरखावी, मग ठरवावं. बोटांची चपळाई लागत नाही, म्हणून पन्नाशीच्या माणसालाही पंधरा वर्षांच्या पोराइतकीच संधी. आणि चूक झाली तर ती परत घेता येत नाही. पैसे भरून पुन्हा जिवंत करणाऱ्या खेळांत माझं मन रमत नाही. मग सावध राहायचं तरी कशासाठी?

जेवण वाढलं की खुशाल हाक मारा. डाव जिथल्या तिथे थांबतो, त्यामुळे 'एवढं संपवून येतो' ही सबब या खेळात चालत नाही. जेवताना विचारा, कितव्या मजल्यावर पोचलात? जो मिळवायचा तो ताईत सव्विसाव्यावर असतो. वहीत पाचव्या मजल्यावरच्या काळ्या गोळ्यासारख्या राक्षसापुढे 'फुगला की लांब पळा' असं लिहिलेलं असेल, तर ते बंदी उठेपर्यंत बरेच खाली उतरतील.